ठाण्यात समलैंगिकतेबद्दलचं लोकमत मोजायचं असेल तर

घोडबंदरला चालतं ते दिव्यात का चालत नाही, नवी मुंबईच्या सेक्टरमधले लोक मोकळे आणि गावठाणातले कर्मठ हे खरं का, असे प्रश्न कॉलेजच्या प्रकल्पांत आणि छोट्या संस्थांच्या अहवालांत वारंवार येतात. मग शंभरेक ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर फॉर्म जातो आणि आलेल्या उत्तरांचा रंगीत आलेख होतो. त्या आलेखातून कळतं ते एवढंच, की फॉर्म पाठवणाऱ्याचे मित्र कोणत्या मताचे आहेत. दोन भागांतला फरक खरोखर पाहायचा असेल तर चारशे मुलाखती, आठ मुलाखतकार आणि पाच शनिवार-रविवार एवढं धरून चाला. पैसा फार लागत नाही. चुकायच्या जागा मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या निम्म्या प्रश्नाच्या शब्दांतच दडलेल्या असतात.

आधी जगाचे आकडे वाचायला शिका

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं २०१९ मध्ये ३४ देशांत विचारलं होतं, की समाजानं समलैंगिकता स्वीकारावी की स्वीकारू नये. स्वीडनमध्ये ९४ टक्के 'स्वीकारावी' म्हणाले, नायजेरियात ७ टक्के. भारतात ३७ टक्के, आणि काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला तेव्हा ते फक्त १५ टक्के होते. पुढे २०२३ मध्ये त्याच संस्थेनं भारतात समलिंगी विवाहाबद्दल विचारलं, तेव्हा ५३ टक्के लोकांनी कायदेशीर मान्यतेला अनुकूल मत दिलं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे '३७ वरून ५३, म्हणजे चार वर्षांत सोळा टक्के वाढ' असं लिहून मोकळं होणं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'समाजानं स्वीकारावं का' म्हटलं की माणूस आपली आळी, आपले नातेवाईक डोळ्यांपुढे आणतो. 'कायद्यानं परवानगी असावी का' म्हटलं की तो सरकारबद्दल बोलतो. पंधरा आणि सदतीस यांची तुलना करता येते, कारण प्रश्न एकच होता. सदतीस आणि त्रेपन्न यांची करता येत नाही.

कायदा पुढे गेला की मत आपोआप पुढे जातं, हाही समज बाजूला ठेवा. तैवानमध्ये समलिंगी विवाह २०१९ पासून कायदेशीर आहे, तरी प्यूच्या २०२३ च्या फेरीत तिथे पाठिंबा ४५ टक्के निघाला. जपानमध्ये असा विवाह राष्ट्रीय कायद्यात नाही, आणि पाठिंबा ६८ टक्के. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून, म्हणजे गुन्ह्यांतून, बाहेर काढले आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच नाही. या तारखा प्रत्येक मुलाखतकाराला पाठ हव्यात. दारात 'अहो, हे बेकायदा नाही का?' असा प्रश्न येतोच, आणि त्याला एका वाक्यात, वाद न घालता उत्तर देता आलं पाहिजे. तेही मुलाखत संपल्यावर. आधी उत्तर दिलंत तर तुम्ही त्या माणसाचं मत मोजत नाही, बदलत असता.

शब्द

मराठीत अडचण शब्दांपासूनच सुरू होते. 'समलैंगिक' हा वर्तमानपत्री शब्द आहे; कळव्याच्या चाळीत किंवा करावे गावात तो ऐकलेला असतो, पण अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा. पुष्कळांना तो 'तृतीयपंथी' याच अर्थाचा वाटतो. तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्या, त्यामुळे त्यांचं नाव इथे घरोघरी माहीत. उत्तर देणाऱ्यानं उदाहरण म्हणून त्यांचं नाव घेतलं, तर समजा की तो वेगळ्याच विषयावर बोलतोय. 'गे' म्हटलं की फक्त पुरुष डोळ्यांपुढे येतात. 'एलजीबीटी' म्हटलं की एक तर मिरवणूक आठवते नाही तर काहीच नाही.

म्हणून नाव टाळा आणि वर्णन करा: 'काही पुरुषांना पुरुषांबद्दलच प्रेम आणि ओढ वाटते, काही बायकांना बायकांबद्दल. अशा माणसांविषयी आता काही प्रश्न विचारतो.' हे वाक्य छापून द्या आणि जसंच्या तसं वाचायला सांगा. तृतीयपंथीयांबद्दल विचारायचं असेल तर तो विभाग निराळा ठेवा; दोन्ही एकत्र केलंत तर मिळालेला आकडा कशाचा ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

दुसरा फसवा शब्द 'चालेल'. 'आमची काही हरकत नाही' आणि 'आम्ही स्वीकारतो' यांच्यात ठाणे ते कसारा एवढं अंतर आहे. 'हरकत नाही'चा अर्थ बहुतेक वेळा 'आमच्या घरात नसलं म्हणजे झालं' असा असतो. आणि 'मान्यता' म्हटलं की माणूस कायद्याकडे वळतो. 'स्वीकार', 'मान्यता', 'चालेल' यातला एक शब्द एका प्रश्नात घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मुलाखतकारानं दारात स्वतःच्या मनानं सोपा शब्द घातला, की त्याचे दहाच्या दहा फॉर्म बाद.

अंतराची शिडी

'स्वीकारता का?' या एका प्रश्नावर थांबलात तर दोन वस्त्यांतला फरक दिसतही नाही आणि नसलेला दिसूही शकतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२० च्या दशकात सामाजिक अंतर मोजायची जी पट्टी काढली, तिची ठाण्याला बसेल अशी आवृत्ती करा. लांबून जवळ येत जा:

१. दोन प्रौढ माणसांनी राजीखुशीनं असे संबंध ठेवले, तर कायद्यानं शिक्षा असावी का?
२. तुमच्या कामाच्या ठिकाणी असा सहकारी असला तर चालेल का?
३. तुमच्या मजल्यावर किंवा चाळीत असं जोडपं भाड्यानं राहायला आलं तर चालेल का?
४. तुमची स्वतःची खोली तुम्ही त्यांना भाड्यानं द्याल का?
५. अशा शिक्षकाकडे तुम्ही आपली मुलं शिकवणीला पाठवाल का?
६. तुमच्या घरातल्या मुलानं किंवा मुलीनं आपण असे आहोत असं सांगितलं, तर तुम्ही काय कराल?

क्रम सगळ्यांसाठी हाच ठेवा. सहावा आधी विचारलात तर माणूस घाबरतो आणि पहिल्या प्रश्नालाही कडक उत्तर देऊन टाकतो. आणि कोणत्या पायरीवर माणूस थांबतो ते वस्तीगणिक पाहा. एका भागात सगळे तिसरीपर्यंत येऊन चौथीला अडकतात, दुसऱ्यात दुसरीलाच गळती लागते, आणि तरी दोघांची सरासरी एकच निघू शकते.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत एक खास इथला सापळा आहे. ठाणे-नवी मुंबईत घर भाड्यानं देताना पहिला प्रश्न असतो 'फॅमिली की बॅचलर?' पुष्कळ सोसायट्या दोन अविवाहित मुलग्यांना तसंही ठेवत नाहीत. मग 'नाही चालणार' हे उत्तर समलैंगिकतेला आहे की बॅचलरना? हे वेगळं काढण्यासाठी फॉर्मच्या दोन आवृत्त्या छापा. अ आवृत्तीत 'एकत्र राहणारे दोन अविवाहित मित्र', ब आवृत्तीत 'जोडपं म्हणून एकत्र राहणारे दोन पुरुष'. बाकी अक्षरही बदलू नका. दोन्ही गठ्ठे आधीच एकाआड एक लावून ठेवा, म्हणजे कोणाला कुठला द्यायचा हे मुलाखतकार ठरवणार नाही. 'अ'ला नकार ५० टक्के आणि 'ब'ला ७० आला, तर समलैंगिकतेचा म्हणून जो काही वाटा आहे तो २० चा, ७० चा नाही. दोन बायकांबद्दल विचारायचं तर तो प्रश्न दोन्ही आवृत्त्यांत वेगळा घाला. दोघी एकत्र राहतात म्हटलं की शेजारी 'मैत्रिणी असतील' किंवा 'बहिणी असतील' म्हणून विषय मिटवतात. त्या उत्तरात होकार नसतो, विषय लक्षातच आलेला नसतो.

सहाव्या प्रश्नाला 'हो/नाही' ठेवू नका. उत्तर उघडं ठेवा आणि नंतर खुणा करा: घरात ठेवू आणि साथ देऊ, घरात ठेवू पण कुणाला सांगणार नाही, डॉक्टरकडे नेऊ, लग्न लावून देऊ, संबंध तोडू. 'लग्न लावून देऊ, मग सगळं ठीक होतं' हे उत्तर स्वीकाराच्या खात्यात टाकू नका आणि नकाराच्याही नको. त्याला स्वतःची खूण द्या. 'डॉक्टरकडे नेऊ' म्हणणाऱ्याशी दारात वाद घालू नका. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये हा मानसिक आजार नाही असं जाहीर केलं आहे आणि असे 'उपचार' हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. हे शेवटी द्यायच्या कार्डावर छापा.

कुठे आणि किती

चारशे मुलाखतींना ढोबळ चूक अधिक-उणे ५ टक्के, म्हणजे खरा आकडा तेवढा इकडे-तिकडे असू शकतो. पण ती संपूर्ण चारशेवर. दोन भागांत दोनशे-दोनशे वाटलेत की प्रत्येक भागाची चूक ७ टक्के होते आणि दोघांमधल्या फरकाची जवळजवळ १०. म्हणजे घोडबंदर ५२ आणि कळवा ४६ असं आलं, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. म्हणूनच चारशेत दोनच भाग घ्या. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, ऐरोली, वाशी, नेरूळ अशा सात वस्त्या सत्तावन्न-सत्तावन्न मुलाखतींत बसवायचा मोह फार होतो. त्याचे तक्ते तेवढे छान दिसतात. अ आणि ब आवृत्त्यांची तुलनाही एकूण चारशेवरच करा. एकाच भागात ती केलीत तर चूक १४ टक्क्यांवर जाते.

एका इमारतीत वीस मुलाखती उरकणं सोयीचं असतं, आणि तिथेच नमुना पातळ होतो. शेजारी-शेजारी राहणारे लोक एकमेकांसारखे असतात. समजा शून्य ते एकच्या मापावर त्यांच्यातलं साम्य ०.०५ आहे. एका ठिकाणी १० मुलाखती घेतल्या तर ४०० ची किंमत सुमारे २७५ इतकी उरते, २० घेतल्या तर सुमारे २०५. तेव्हा प्रत्येक भागात २० ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी १०. तरीही दोन भागांतल्या फरकाची चूक १० ऐवजी १२ टक्के धरा.

ठिकाणं निवडायला मतदार यादीचे भाग वापरा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या भागवार मिळतात. समजा तुमच्या भागात २६० याद्या आहेत. २६० भागिले २०, म्हणजे १३. एक ते तेरा या आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. पाच निघाला तर ५, १८, ३१, ४४ असं पुढे जा. यादीतली नावं मात्र घेऊ नका, फक्त तो परिसर घ्या. कारण भाड्यानं राहणाऱ्या कितीतरी लोकांचं मतदान अजून साताऱ्याला, रत्नागिरीला किंवा जळगावला आहे. नावांवरून गेलात तर नेमके तेच सुटतात.

परिसरात पोचल्यावर ठरलेल्या कोपऱ्यापासून उजव्या हाताला वळा आणि चाळीत-गावठाणात दर पाचवं दार, टॉवरमध्ये दर दहावा फ्लॅट घ्या. घरातल्या १८ वर्षांवरच्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला, त्याचीच मुलाखत. तो घरी नसेल तर वेळ विचारून परत जा, दोनदा. दार उघडणाऱ्याची घेतली तर तुमच्याकडे गृहिणी आणि निवृत्त काका एवढेच जमतात.

वस्ती कशी निवडावी याबद्दल एक सूचना. नवी मुंबईत सिडकोनं आखलेले सेक्टर आणि त्यांना खेटून असलेली आगरी-कोळी गावठाणं ही तुलना मोहात पाडते, पण कोपरखैरणे-घणसोलीच्या काही सेक्टरांत माथाडी कामगारांची मोठी वसाहत आहे आणि गावठाणातल्या अनेक खोल्यांत उत्तरेकडून आलेले भाडेकरू राहतात. 'गावठाण म्हणजे गावकरी' असं धरून चाललात तर निष्कर्ष भलत्याच लोकांच्या नावावर चढेल. प्रत्येकाला विचारा: 'वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत सर्वांत जास्त काळ कुठे राहिलात?' तालुका आणि जिल्हा लिहून घ्या. प्रादेशिक फरकाचा बराच भाग सध्याच्या पिनकोडात नसतो, या उत्तरात असतो.

दारात

टॉवरच्या गेटवर वॉचमन आणि पाहुण्यांची नोंद करणारं ॲप. आठवडाभर आधी सेक्रेटरींना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. पत्रात विषय लपवू नका, पण मथळाही करू नका. 'शेजार, भाडेकरू, कुटुंब आणि लैंगिकता याविषयीची मतं' एवढं पुरे आणि खरंही आहे. टॉवरमध्ये चाळीस मुलाखतींसाठी शंभर दारं वाजवायची तयारी ठेवा. किती दारं बंद राहिली, किती नकार आले ते त्याच दिवशी लिहा; अहवालात हा आकडा नसेल तर बाकीच्या आकड्यांवर जाणकार विश्वास ठेवत नाही.

वेळ रविवारी सकाळी १० ते १, शनिवारी संध्याकाळी ६ नंतर. दिवा-मुंब्र्याच्या लोकलनं जाणारा माणूस आठवड्यात रात्री नऊच्या आत सापडत नाही. परतभेटीसाठी मुंब्रा-राबोडीत शुक्रवारची नमाजाची दुपार सोडा. गणपतीत आणि मे महिन्यात काम काढूच नका, अर्धं ठाणं कोकणात आणि घाटावर गेलेलं असतं.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो तिसऱ्या माणसामुळे. सासू हॉलमध्ये बसलेली असताना सून जे सांगेल ते सासूसाठी असतं. एका खोलीच्या घरात 'जरा बाजूला बसू' म्हणणंही शक्य नसतं. त्यासाठी शिडीचे सहा प्रश्न वेगळ्या कागदावर छापा, उत्तर देणाऱ्याला स्वतः खुणा करू द्या, सहाव्याचं उत्तर त्यालाच दोन ओळींत लिहू द्या आणि कागद पाकिटात घालून चिकटवायला सांगा. वाचता न येणाऱ्यांना हलक्या आवाजात वाचून दाखवा, बोटानं 'हो' किंवा 'नाही'चा रकाना दाखवायला सांगा, आणि सहाव्यासाठी उत्तरांची यादी वाचा. समोर कोण हजर होतं याची खूण दर फॉर्मवर करा. नंतर एकट्यानं दिलेली आणि घरच्यांसमोर दिलेली उत्तरं वेगळी काढून पाहा. मुलाखतकार बाई होती की पुरुष हेही नोंदवा.

सुरुवात पाणी, पार्किंग, लोकलची गर्दी अशा आठ-दहा साध्या प्रश्नांनी करा. पंधरा मिनिटांची एक मुलाखत, दिवसाला एका माणसाच्या सहा. आठजणांच्या ४८ होतात, म्हणजे नऊ दिवस आणि एक दिवस राहिलेल्यांसाठी.

विद्यापीठातल्या अभ्यासांत एक युक्ती वापरतात: अर्ध्या लोकांना चार विधानं, अर्ध्यांना तीच चार आणि एक नाजूक, आणि 'यातली किती पटतात' एवढाच आकडा विचारायचा. कल्पना सुरेख आहे, पण चारशे मुलाखतींत तिची चूक २० टक्क्यांपर्यंत जाते. दीड हजाराच्या खाली तिच्या वाटेला जाऊ नका.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. उत्तर देणारा स्वतः समलैंगिक आहे का, हे विचारायचं नाही. आणि 'सी विंगमध्ये एक मुलगा आहे तसा' अशी माहिती कुणी पुरवली तर ती लिहायची नाही, कागदाच्या समासातही नाही. गावठाणात एका वाक्यावरून कुणाचं घर सुटू शकतं. नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर घेऊ नका. परतभेटीची चिठ्ठी वेगळी ठेवा आणि मुलाखत होताच फाडा. निघताना प्रत्येकाला, मत काहीही असो, सारखंच कार्ड द्या. त्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१००, आणि पाठीमागे मराठीतली चार ओळींची माहिती. घरातल्या ज्याला ते हवं असेल त्याच्या हाती ते आपसूक पोचतं.

हिशेब

'माहीत नाही' आणि 'उत्तर द्यायचं नाही' हे दोन रकाने कधीच एकत्र करू नका. पहिल्यात विषय ऐकलेला नसतो, दुसऱ्यात ऐकलेला असतो आणि म्हणूनच तोंड बंद असतं. दोन्ही काढून टाकून टक्के काढले की आकडा फुगतो.

मग वयाचा हिशेब. समजा दोन्ही भागांत पस्तिशीच्या आतले ६० टक्के आणि वरचे ३० टक्के स्वीकाराच्या बाजूचे आहेत, म्हणजे भागाभागांत काहीच फरक नाही. पण टॉवरच्या नमुन्यात तरुण ७० टक्के आणि गावठाणाच्या नमुन्यात ४० टक्के आले. टॉवरचा आकडा येईल ५१, गावठाणाचा ४२. नऊ टक्क्यांचा हा 'प्रादेशिक फरक' पूर्णपणे वयाचा आहे. तुलना करताना दोन्ही भागांना एकच वयरचना लावा, निम्मे-निम्मे धरा. दोघांचाही आकडा ४५ होईल. शिक्षणासाठी हेच पुन्हा करा. त्यानंतरही फरक उरला आणि तो १२ टक्क्यांहून मोठा असला, तरच मथळ्यात वस्तीचं नाव घाला.

अहवालात प्रत्येक आकड्याखाली प्रश्न मराठीत, जसा विचारला तसा, छापा. वस्तीचं नाव 'घोडबंदर रस्ता' किंवा 'कळवा' इतपतच. सोसायटी, आळी, पाडा नाही. ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं असतील तो शेजारच्या रकान्यात मिसळा. कागदी फॉर्म संगणकावर चढवून, दहातला एक पुन्हा ताडून झाला, की गठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका. श्रेडरमधून काढा.